सुटली असेल आणि सुटलेली असेल

मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘गाडी सुटली असेल’ आणि ‘गाडी सुटलेली असेल’ या दोन वाक्यांतील अंतर कोणी समजावून द्यावे लागत नाही. पहिले वाक्य एकटे उच्चारले तर तो बहुधा घड्याळाकडे पाहून केलेला तर्क असतो: आपण येथे घरात बसलो आहोत, पाच वाजून गेले आहेत, आणि तिकडे फलाटावर जे घडायचे ते एव्हाना घडून गेले असावे, एवढेच त्यातून निघते. दुसऱ्या वाक्याच्या पाठीशी मात्र बहुतेक वेळा ‘तू पोचेपर्यंत’ किंवा ‘तू असाच रेंगाळत राहिलास तर’ असा एखादा तुकडा उभा असतो; बोलणाऱ्याने तो उच्चारला नाही तरी ऐकणाऱ्याला तो कळतो, आणि तो लगबगीने पायात वहाणा सरकवतो. एका अक्षराच्या अधिकपणाने तर्काचे भाकीत होते. भाषेची इतकी सूक्ष्म जाण ज्याच्या जिभेवर लहानपणापासून वसत आली आहे, त्याच माणसापुढे इंग्रजीतील ‘फ्यूचर परफेक्ट टेन्स’, म्हणजे आपल्या शालेय परिभाषेतील पूर्ण भविष्यकाळ, येऊन उभा राहिला की तो गांगरतो, वहीत सूत्र उतरवून घेतो, परीक्षेतील रिकाम्या जागा भरून टाकतो आणि पुढे जन्मभर त्या काळाच्या वाटेला जात नाही. याचे मला फार दिवस वाईट वाटत आले आहे, आणि त्यात दोष शिकणाऱ्याच्या बुद्धीचा नसून शिकवण्याच्या आरंभस्थानाचा आहे, असे माझे मत होऊन बसले आहे.

तो काळ आपल्याकडे शिकवतात तो असा. फळ्यावर बारा घरांचा एक तक्ता मांडला जातो. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ उभे, आणि साधा, अपूर्ण, पूर्ण व पूर्ण-अपूर्ण हे चार प्रकार आडवे. त्यातील एका घरात ‘शॅल किंवा विल, त्यापुढे हॅव, त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप’ एवढा मजकूर लिहिलेला असतो, आणि त्याखाली ‘आय शॅल हॅव गॉन, म्हणजे मी गेलो असेन’ असा एक दाखला. विद्यार्थी तो घोकतात. परंतु ‘मी गेलो असेन’ हे मराठी वाक्य कोणत्याही मराठी कानाला भविष्याचे वाटतच नाही. ‘त्या गावी मी पूर्वी कधीतरी गेलो असेन, आता आठवत नाही,’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपली दृष्टी मागे, गतकाळाकडे असते. ‘मी आंबा खाल्ला असेन’ या धर्तीची जी वाक्ये शालेय व्याकरणात पूर्ण भविष्यकाळाखाली दाखवली जातात त्यांची तीच अवस्था. ती ऐकून मनात येते ती विस्मृती किंवा शंका, उद्याची गोष्ट नव्हे. इंग्रजीच्या साच्यातून उचललेल्या घरात आपण आपलेच एक वाक्य बसवले, आणि ते तेथे नीट बसत नाही हे तपासून पाहायचे राहून गेले. मग ज्या मुलाला मराठी वाक्य मागे नेते त्याला इंग्रजी वाक्य पुढे कसे नेणार?

हे मला कळले ते एका शिष्याकडून. मुंबईच्या गिरणगावातील एका रात्रवर्गात मी काही वर्षे इंग्रजी शिकवीत असे. वर्गात दुकानांतील नोकर होते, कचेऱ्यांतील शिपाई होते, आणि साचेखात्यात काम करणारे चाळिशीच्या घरातील एक गृहस्थ होते. ते ज्या आठवड्यात पहिली पाळी असे त्या आठवड्यात न चुकता येत आणि दुपारपाळीच्या आठवड्यात वर्ग बुडाला म्हणून हळहळत. मी एके दिवशी सर्वांना ‘बाय द टाइम’ या शब्दांनी आरंभ करून एकेक वाक्य रचायला सांगितले. त्यांनी फळ्यापाशी येऊन, खडू घट्ट धरून, सावकाश लिहिले: ‘बाय द टाइम आय विल रीच होम, माय चिल्ड्रन विल स्लीप.’ मी त्यांना म्हटले, “तुम्हांला काय म्हणायचे आहे ते आधी मराठीत सांगा.” ते म्हणाले, “सर, दुपारपाळी करून मी घरी पोचेपर्यंत पोरं झोपलेली असतील.” आणि थोडे थांबून, “ती नेहमीच झोपलेली असतात.”

वर्गात कोणी बोलले नाही. मी त्यांच्या इंग्रजी वाक्याकडे पाहत राहिलो. मराठीत त्यांनी जे सांगितले होते ते सर्वांगी निर्दोष होते. त्यात घरी पोचण्याचा क्षण होता, त्या क्षणापूर्वी घडून गेलेली गोष्ट होती, आणि ती घडून गेल्यामुळे शिल्लक राहिलेली स्थिती होती. इंग्रजीत उतरताना त्यांच्या हातून हे तिन्ही धागे सुटले होते. ‘विल स्लीप’ म्हटल्याने असा भास होत होता, की बाप दारात पाऊल टाकील आणि मग मुले झोपी जातील. सूत्र त्यांना पाठ होते. ते सूत्र ‘झोपलेली असतील’ या आपल्याच शब्दांसाठी आहे हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते.

तेव्हापासून मी त्या तक्त्यापासून आरंभ करण्याचे सोडले आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढू लागलो. रेघेच्या डाव्या अंगाला एक ठिपका: आपण बोलतो आहोत तो क्षण. उजव्या टोकाला दुसरा ठिपका: पुढचा एखादा ठरलेला क्षण, म्हणजे घरी पोचणे, दिवाळी, किंवा महिन्याची एक तारीख. आता मनाने त्या उजव्या ठिपक्यावर जाऊन उभे राहायचे आणि तेथून मान वळवून मागे पाहायचे. त्या जागेवरून पाहताना जे उरकून गेलेले दिसेल ते ‘विल हॅव’ने सांगायचे. या काळाचे सारे मर्म ही मान वळवण्यात आहे. साध्या भविष्यकाळात आपण येथेच उभे राहून पुढे पाहतो. पूर्ण भविष्यकाळात पुढे जाऊन मागे पाहतो.

मी हे शिकवीत असताना मला ठाऊक नव्हते, की हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने, अमेरिकेत स्थायिक झाल्यावर, १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एलिमेंट्स ऑफ सिंबॉलिक लॉजिक’ या तर्कशास्त्रावरील ग्रंथात क्रियापदाच्या काळांची उपपत्ती अशाच बिंदूंनी लावून ठेवली आहे. त्याने प्रत्येक काळासाठी तीन बिंदू कल्पिले: बोलण्याचा, घटनेचा, आणि ज्या ठिकाणाहून घटनेकडे पाहायचे तो संदर्भाचा. पूर्ण भविष्यकाळात संदर्भाचा बिंदू बोलण्याच्या पुढे असतो आणि घटनेचा बिंदू संदर्भाच्या मागे असतो. यापलीकडे दुसरी अट नाही. याचा एक परिणाम मोठा चित्तवेधक आहे. ‘उद्या संध्याकाळपर्यंत त्याला पत्र मिळालेले असेल’ असे मी म्हटले, तर ते पत्र त्याला उद्या दुपारी मिळेल, की या क्षणीच पोस्टमन त्याच्या दारात उभा आहे, की कालच मिळून गेले आहे, यांपैकी काहीच मी सांगितलेले नसते. उद्या संध्याकाळी मागे पाहिले असता पत्र पोचलेले दिसेल, एवढ्याचीच मी हमी घेतो. इंग्रजीतील ‘विल हॅव रिसीव्ह्ड’ची हमीही तेवढीच. घटनेची नेमकी वेळ गुंडाळून ठेवून केवळ मुदतीबद्दल बोलण्याची जी सोय हा काळ देतो, ती साध्या भविष्यकाळात मिळत नाही.

मुदत हा शब्द आला आहे, तर त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. कारण मराठी माणसाची इंग्रजी लिहिताना जी चूक सर्वांत अधिक वेळा होते तिचे मूळ येथे आहे. आपल्या ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययाच्या पोटात दोन निरनिराळे अर्थ सुखाने नांदतात. ‘मी सोमवारपर्यंत येथे राहीन’ या वाक्यात राहणे ही क्रिया सोमवार येईतो अखंड चालते. ‘मी सोमवारपर्यंत काम संपवीन’ या वाक्यात संपवणे ही क्रिया सोमवारच्या अलीकडे केव्हातरी एकदा घडते. आपल्याला दोन्हींना एकच शब्द पुरतो, कारण क्रियापदाच्या स्वभावावरूनच आपण अर्थ ओळखतो. इंग्रजीला हे चालत नाही. तिने चालू राहण्यासाठी ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ आणि मुदतीसाठी ‘बाय’ अशी वाटणी केली आहे. म्हणून ‘आय विल फिनिश द वर्क टिल मंडे’ हे वाक्य आपल्या लेखणीतून अगदी सहज उतरते आणि इंग्रजी वाचणाऱ्याला अडखळवते. पूर्ण भविष्यकाळाचा जिवलग सोबती हा ‘बाय’ आहे. ‘बाय मंडे’, ‘बाय फाइव्ह ओ’क्लॉक’, ‘बाय देन’ यांपैकी काही कानावर पडले, की पुढे ‘विल हॅव’ येण्याचा संभव धरावा.

विद्यार्थ्यांना मी यासाठी एक खूण सांगत असे. आपल्या दफ्तरी मराठीत ‘अखेर’ हा एक नामी शब्द शतकानुशतके रुजू आहे. मार्चअखेर वसुली पूर्ण व्हावी, सालअखेर हिशेब रुजवात करून ठेवावा, महिनाअखेर बाकी निरंक असावी, असे हुकूम मामलेदार कचेरीपासून सहकारी सोसायटीपर्यंत सर्वत्र निघत आले आहेत. ज्या मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘अखेर’ किंवा ‘च्या आत’ घालता येते, तेथे इंग्रजीत ‘बाय’ येतो. जेथे ते घालता येत नाही, तेथे ‘टिल’. ‘मी सोमवारच्या आत काम संपवीन’ हे चालते, पण ‘मी सोमवारच्या आत येथे राहीन’ याला काही अर्थ उरत नाही. साचेखात्यातील त्या गृहस्थांनी ही खूण ऐकली आणि मनाशी जुळवून लगेच वाक्य सांगितले: पुढच्या दिवाळीच्या आत मी सोसायटीचे कर्ज फेडलेले असेल. ‘बाय नेक्स्ट दिवाली आय विल हॅव रिपेड द लोन.’ त्यांच्या तोंडून आलेले हे पहिले निर्दोष ‘विल हॅव’.

त्यांच्या फळ्यावरील वाक्यात दुसरीही एक चूक होती, आणि तीही मराठीच्या एका सोयीतून उपजलेली. ‘मी घरी पोचेपर्यंत’ यातील ‘पोचेपर्यंत’ला काळ नाही, ते रूप भूतकाळातही चालते आणि भविष्यातही. काल मी पोचेपर्यंत मुले झोपली होती, उद्या मी पोचेपर्यंत झोपलेली असतील. इंग्रजीत मात्र तेथे काळवाचक क्रियापद द्यावेच लागते, आणि ते देण्याची वेळ आली की आपण विचार करतो: गोष्ट तर उद्याची, मग ‘विल’ पाहिजेच. इंग्रजीचा रिवाज निराळा आहे. ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘बाय द टाइम’ यांनी आरंभ होणाऱ्या गौण वाक्यात ती भविष्याचे चिन्ह सहसा लावीत नाही. मुख्य वाक्यात एकदा भविष्य सांगितले, तेवढे तिला पुरे होते. म्हणून ‘बाय द टाइम आय रीच होम’ असे साध्या वर्तमानात म्हणायचे. लॅटिनचा रिवाज याच्या उलट होता. तिच्यात ‘मी आल्यावर तुला सांगेन’ यासारख्या वाक्यातील ‘आल्यावर’साठीही पूर्ण भविष्याचे स्वतंत्र रूप वापरीत.

लॅटिनचे नाव येथे अकारण आलेले नाही. इंग्रजीतील या काळाला मिळालेले नाव आणि तक्त्यातील घर ही दोन्ही लॅटिन व्याकरणाची देणगी आहे; खुद्द प्राचीन इंग्रजीला भविष्यकाळाचे असे निराळे रूपच नव्हते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा इंग्रज उद्याची गोष्ट वर्तमानकाळात सांगे, जसे आपण ‘मी उद्या जातो’ म्हणतो. ‘विल’ हे तेव्हा इच्छा दर्शवणारे स्वतंत्र क्रियापद होते आणि ‘शॅल’ हे देणे लागण्याचे, कर्तव्याने बांधले जाण्याचे. इच्छा आणि ऋण या दोन शब्दांनी हळूहळू भविष्याचे ओझे उचलले. पुढे, १६५३ साली, जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने परकीयांना इंग्रजी शिकता यावे म्हणून लॅटिन भाषेत लिहिलेल्या व्याकरणात प्रथमपुरुषी ‘शॅल’ आणि द्वितीय-तृतीयपुरुषी ‘विल’ असा नियम घालून दिला, आणि वचन द्यायचे किंवा धमकी द्यायची तर ही वाटणी उलटी करावी, असेही सांगितले. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरे याच्या अतिशय लोकप्रिय व्याकरणात आपला हा काळ ‘सेकंड फ्यूचर’, म्हणजे दुसरा भविष्यकाळ, या नावाने बसलेला आढळतो. आपल्या शाळांत दोन-तीन पिढ्यांनी जे पुस्तक वापरले, त्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातूनही ‘आय शॅल हॅव’ हा पाठ चालत आला. त्यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ या १९२४ सालच्या गाजलेल्या कादंबरीचे ते कर्ते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आजच्या इंग्रजी बोलण्यात सर्व पुरुषी ‘विल’ चालते. विद्यार्थ्याने ‘शॅल’ ओळखावे आणि ‘विल’ वापरावे.

परंतु या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘हॅव’चा वृत्तांत. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे, पदरी असणे. जुन्या इंग्रजीत ‘मी पत्र लिहिले आहे’ हे सांगण्याची मूळ तऱ्हा ‘माझ्यापाशी लिहिलेले असे पत्र आहे’ अशी होती. लिहिलेले हे त्यात पत्राचे विशेषण असे, आणि ते पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे बदलूही शके. आपल्याकडे आजही हेच चालते. रामाने आंबा खाल्लेला असेल, पोळी खाल्लेली असेल, फळ खाल्लेले असेल; प्रत्येक वेळी रूप कर्माच्या मागोमाग जाते. इंग्रजीने ती विकारी रूपे केव्हाच टाकून दिली आणि ‘हॅव’मधला मालकीचा अर्थ झिजून गेला, तरी मूळ बांधणी कायम राहिली. ‘आय विल हॅव रिटन द लेटर’ या वाक्याची पुटे उलगडत गेलो तर अगदी तळाशी ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेले असेल’ हे मराठी वाक्य भेटते. आपला ‘लेला’ आणि त्यांचे तिसरे रूप, आपले ‘असेल’ आणि त्यांचे ‘विल हॅव’, अशी ही जोडी जमते. ज्याला आपण परका म्हणून भितो त्याच्या घराची मांडणी आपल्या घरासारखीच निघावी, यासारखा शिकणाऱ्याला दुसरा दिलासा नाही.

रूपाच्या बाबतीत इंग्रजी वस्तुतः मराठीहून सोपी आहे. ‘ही’ असो, ‘शी’ असो की ‘दे’ असो, ‘विल हॅव’ बदलत नाही. ‘ही विल हॅज’ असे जे पुष्कळजण लिहितात ते ‘ही’च्या पुढे ‘हॅज’ येते या सवयीने. पण ‘विल’च्या पाठोपाठ येणारे क्रियापद नेहमी मूळ रूपातच असते, हे एकदा ध्यानात आले की ती चूक पुन्हा होत नाही. बोलताना हे ‘हॅव’ इतके आखडून जाते, की कानाला केवळ ‘विलव’ असे काहीतरी ऐकू येते. ते ऐकायची सवय निराळी करावी लागते.

खरी अडचण रूपाची नसून क्रियापदाच्या स्वभावाची आहे, आणि तिच्यासाठी मला पुन्हा त्या झोपलेल्या मुलांकडे वळले पाहिजे. सूत्र सांगितल्यावर त्या गृहस्थांनी वाक्य दुरुस्त केले: ‘माय चिल्ड्रन विल हॅव स्लेप्ट.’ व्याकरणाने त्यात खोट नव्हती. अर्थाने मोठी होती. मराठी ‘झोपणे’ या एका धातूत झोपी जाणेही येते आणि झोप घेणेही येते. इंग्रजीत ‘स्लीप’ म्हणजे केवळ झोप घेणे. ‘विल हॅव स्लेप्ट’ म्हणताच त्यांची मुले झोप पुरी करून उठून बसलेली होतात, आणि बाप घरी येतो तो त्यांना जागी पाहायला. प्रत्यक्षात म्हणायला हवे होते ‘विल हॅव गॉन टु स्लीप’, किंवा साधेपणाने ‘विल बी अस्लीप’. ‘बसणे’ची गत अशीच आहे, ‘पाहुणे बसलेले असतील’ यासाठी ‘विल बी सिटिंग’ लागते, ‘विल हॅव सॅट’ने तो अर्थ साधत नाही. आपल्या ‘लेला’मध्ये घडून गेलेली क्रिया आणि तिने मागे ठेवलेली स्थिती अशा दोन्ही गोष्टी एकवटलेल्या असतात. इंग्रजीचे ‘विल हॅव’ क्रिया संपल्यावर भर देते आणि स्थिती सांगायला पुष्कळदा ‘विल बी’ पुढे येते. हा विवेक कोणत्याही तक्त्यात लिहिलेला नसतो. तो एकेका क्रियापदापाशी थांबून, ‘ही क्रिया केव्हा संपली म्हणायची?’ असे विचारूनच येतो.

काही ठिकाणी तर मराठीला या काळाची गरजच पडत नाही, आणि तेथे इंग्रजी तो आवर्जून वापरते. ‘येत्या जूनमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे होतील’ असे आपण म्हणतो. वर्षेच कर्ता होतात, ती पुरी होतात, आणि नवराबायको शब्दांत कोठे दिसतही नाहीत. इंग्रजी तेच ‘नेक्स्ट जून वी विल हॅव बीन मॅरीड फॉर ट्वेन्टी-फाइव्ह यर्स’ असे सांगते. तिला कर्ता म्हणून माणसे लागतात, आणि कालावधी त्यांच्यामागून येतो. नोकरीची वर्षे, एका घरातील वास्तव्य, एखाद्या गुरूपाशी चाललेले शिक्षण, अशा ठिकाणी ‘विल हॅव बीन वर्किंग’ किंवा ‘विल हॅव बीन लिव्हिंग’ असा पूर्ण-अपूर्ण प्रकार येतो. ‘होतील’, ‘भरतील’, ‘पुरी होतील’ अशा मराठी क्रियापदांमागे वर्षांचा हिशेब दिसला, तर इंग्रजीत जाताना थांबून माणसाला कर्ता करावे.

आता आरंभी ज्या पहिल्या वाक्याला मी तर्क म्हटले त्याच्याकडे येतो. ‘तुम्ही बातमी ऐकली असेलच’ याचे इंग्रजी ‘यू विल हॅव हर्ड द न्यूज’. यात भविष्य कोठेही नाही. ऐकणे कालच होऊन गेले आहे, आणि बोलणारा केवळ खात्रीचा अदमास करतो आहे. फ्रेंचमध्येही हीच तऱ्हा आहे. ‘तो विसरला असेल’ हे फ्रेंच माणूस आपल्या पूर्ण भविष्याच्याच रूपाने सांगतो. जो अर्थ आपल्या शालेय व्याकरणातील त्या बिचाऱ्या आंब्याच्या वाक्यातून आपोआप बाहेर पडतो, तो इंग्रजीच्या ‘विल हॅव’मध्येही आहे; फक्त आपल्याकडे तो अग्रभागी आहे आणि त्यांच्याकडे मुदतीचा अर्थ अग्रभागी आहे. दोन्ही भाषांनी भविष्याचे रूप घडून गेलेल्या गोष्टीच्या अनुमानासाठी राबवावे, याचे कारण मला असे दिसते, की जे आपण डोळ्यांनी पाहिलेले नाही ते, काल घडलेले असो की उद्या घडणारे असो, मनाला सारखेच दूर असते.

आपल्या व्याकरणकारांनी काळाच्या प्रश्नाला कमी लेखले असे मुळीच नाही. पाणिनीने आज घडणारे भविष्य आणि आजच्या पलीकडचे भविष्य यांत भेद करून त्यांसाठी लृट् आणि लुट् अशी दोन रूपे वेगळी नोंदवली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले आणि मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा विस्तृत ग्रंथ १९११ साली. या परंपरेचा वारसा असताना इंग्रजीच्या वर्गात आपण मराठीला दाराबाहेर बसवतो, ही मला खेदाची गोष्ट वाटते. मराठीतून विचार केला तर इंग्रजी बिघडते, असा एक समज आहे. माझा अनुभव उलट आहे: मराठी अर्धवट विचारात घेतल्यानेच इंग्रजी बिघडते. ‘गेलो असेन’ येथे न थांबता ‘गेलेला असेन’ इथवर गेले, ‘पर्यंत’ची फोड केली, ‘झोपणे’चे दोन अर्थ निराळे केले, की निम्मे काम झालेच म्हणून समजावे. आणि ‘झालेच म्हणून समजा’ हा आपला रोजचा वाक्प्रचार तरी दुसरे काय सांगतो? काम व्हायचे असते उद्या, आणि आपण समोरच्याला आजच उद्याच्या पलीकडे नेऊन ते झालेले दाखवतो.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हा काळ इंग्रजीतही विरळाच येतो, आणि नव्याने हाती आलेल्या हत्याराप्रमाणे तो जेथे तेथे चालवू नये. ‘तुमचे काम शुक्रवारपर्यंत होईल’ एवढे सांगायचे असेल तर ‘विल बी डन बाय फ्रायडे’ पुरेसे आहे. इंग्रजही तेच म्हणतो. ज्या वेळी पुढच्या एका घटनेच्या आधी दुसरी उरकलेली असणे महत्त्वाचे असते, त्या वेळी मात्र दुसरा काळ कामाचा नाही. ‘तुम्ही पाच वाजता याल तेव्हा मी पत्र लिहीन’ यात पाहुण्याला ताटकळावे लागते. ‘लिहीत असेन’ यात तो माझ्या कामात व्यत्यय आणतो. ‘लिहिलेले असेल’ यात मी त्याच्याशी बोलायला मोकळा असतो. ‘विल राइट’, ‘विल बी राइटिंग’ आणि ‘विल हॅव रिटन’ यांत हाच फरक आहे.

त्या गृहस्थांचे वाक्य शेवटी मी फळ्यावर सबंध लिहून दिले आणि त्यांनी ते वहीत उतरवले: ‘बाय द टाइम आय रीच होम, माय चिल्ड्रन विल हॅव गॉन टु स्लीप.’ घरात इंग्रजी शिकणारे मूल असेल त्यांना माझी एकच विनंती आहे. त्याला सूत्र म्हणून दाखवायला सांगू नका. येत्या मार्चअखेर तुझे काय काय शिकून झालेले असेल, एवढे विचारा. उत्तर आधी मराठीत घ्या, आणि मग तेच इंग्रजीत सांगायला लावा.